नववी चिठ्ठी

त्या डब्यात नऊ चिठ्ठ्या असायला हव्या होत्या. होत्या आठ. नववी माझ्या शर्टाच्या खिशात होती आणि तिच्यावर माझ्या सगळ्यात जवळच्या मित्राच्या नावाचं फक्त पहिलं अक्षर लिहिलेलं होतं. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, त्या मित्राला तर नाहीच, आणि जिच्या हातून चिठ्ठ्या उचलून घेतल्या त्या माझ्या मुलीलाही नाही. तेरा वर्षं गिळून बसलोय. हा फार कमी बोलतो, स्वभावच आहे त्याचा, असं लोक म्हणतात. स्वभाव कसला. सोय होती ती.

आता बोलतोय कारण राग आलाय. मार्चपासून आलाय आणि उतरायचं नाव घेत नाही.

मार्चमध्ये आमच्या जुन्या कंपूनं ‘ते दिवस’ साजरे केले. ते दिवस म्हणजे आमची बेसबॉलची टीम फायनलला पोचली ते वर्ष. इथे ह्यूस्टनच्या बाजूला मराठी माणसं जमली की दोन गोष्टींनी हळवी होतात, हापूस आणि ते वर्ष. कोणी जुनी जर्सी काढतो, पोटावर ती ताणून बसते, आणि मग सुरू. काय टीम होती. काय माणसं होतो आपण. कसे एकत्र होतो. मला हे ऐकवत नाही. मी उठून बर्फ आणायला जातो. तेरा वर्षं मी बर्फ आणतोय.

पण आधी त्या कंपूची पद्धत सांगतो, नाहीतर काही कळणार नाही.

शुगर लँड या उपनगरातली आम्ही दहा मराठी घरं मिळून चार सीझन तिकिटं घ्यायचो. एका सीझनला आपल्या शहरात ऐंशीच्या वर मॅचेस. एका घराला त्या झेपणं शक्य नाही, म्हणून वाटणी. दर मार्चच्या एका रविवारी डॉक्टरकाकांच्या किचनमध्ये कॅलेंडर पसरायचं, साबुदाण्याची खिचडी खायची आणि आपापल्या तारखांवर खुणा करायच्या. भांडण झालं की चिठ्ठ्या. चिठ्ठ्या आमच्या घरच्या पोळ्यांच्या स्टीलच्या डब्यात टाकायच्या, नावं मराठीतच लिहायची हा काकांचा आग्रह, आणि उचलायला लहान मूल. मुलाच्या हातात पाप नसतं म्हणे.

डॉक्टरकाका हृदयाचे डॉक्टर. आमच्या सगळ्यांच्या आधी, कितीतरी आधी आलेले. इंडियातून कोणाचे आईवडील आले आणि छातीत दुखलं म्हणाले की आम्ही आधी काकांना फोन करायचो. माझ्या वडिलांची छाती त्यांनी दोनदा तपासली, एकदा तर बागकामाच्या कपड्यांतच धावत आले होते. त्यामुळे काकांचा शब्द खाली पडू द्यायचा नाही, हे कोणी ठरवलं नव्हतं पण ठरलेलं होतं. चार सीट्सपैकी एक काकांची, तिला चिठ्ठी नाही, हेही तसंच ठरलेलं.

माझ्या मित्राला त्या कंपूत मी नेलं. आम्ही एकाच ऑफिसात, पाइपलाइनच्या कामात. तो नागपूरचा. पहिल्या दिवशी काकांनी त्याच्या पाठीवर थाप मारून विचारलं, “काय रे, मूळचा कुठला तू?”

“नागपूर, काका.”

“नागपुरात कुठे?”

त्यानं वस्तीचं नाव सांगितलं.

“आणि आडनाव काय म्हणालास?”

त्यानं आडनाव सांगितलं. काका म्हणाले, “अच्छा, अच्छा. अगं, यांना चहा दे. तुम्ही बसा ना, उभे का?”

घरी जाताना गाडीत तो हसत होता. “बघितलंस? मला प्रमोशन मिळालं. तुला अरे-तुरे, मला अहो-जाहो. दोन मिनिटांत, यार.”

मीही हसलो. माझं आडनाव कुठेच अडत नाही, म्हणून मला हसता आलं. पुढे इतकी वर्षं काकांनी आम्हा सगळ्यांना कान धरून अरे-तुरे केलं आणि त्याला एकदाही केलं नाही. तो बौद्ध आहे हे कोणी मोठ्यानं म्हणालं नाही. म्हणायची गरज नव्हती. काकांचं ‘तुम्ही’ पुरेसं होतं.

आणि गंमत बघा. आम्हा सगळ्यांना बेसबॉल शिकवला त्यानं. आम्ही क्रिकेटवर वाढलेलो. आम्हाला हा फुलटॉसवर चुकणाऱ्या लोकांचा खेळ वाटायचा. तो कॅन्सासमधल्या एका लहानशा गावात शिकत असताना कॉलेजच्या मेसमध्ये भांडी घासायचा, तिथल्या म्हाताऱ्या आचाऱ्याचा रेडिओ सतत चालू. “मी हा खेळ आधी ऐकला आणि मग बघितला,” तो म्हणायचा. “अर्धं वर्ष मला वाटायचं पिचर म्हणजे पाण्याचा जग.”

स्टेडियममध्ये तो पेन्सिल आणि शंभरपानी वही घेऊन बसायचा. वहीत पट्टीनं रकाने आखलेले, आणि प्रत्येक बॅट्समनचं काय झालं ते त्याच्या स्वतःच्या खुणांनी लिहिलेलं. झेल घेतला की ‘झे’. तीन स्ट्राइकवर बाद झाला की ‘गे’, म्हणजे गेला. पिचरनं चार खराब बॉल टाकून फुकट पहिल्या बेसवर पाठवला की ‘फु’. होमरनला, म्हणजे त्यांच्या सिक्सरला, एक लहानसा सूर्य. इंग्रजीत यासाठी रीतसर खुणा आहेत, त्या त्याला माहीत होत्या. पण म्हणायचा, आपली वही आपल्या भाषेत. आमच्या मागे बसणारा एक टेक्सन म्हातारा दर वेळी वाकून ती वही बघायचा आणि मान हलवायचा, जणू त्याला वाचता येतंय.

टीम तीन वर्षं नुसती हरत होती. ऑगस्टच्या त्या चिकट उकाड्यात पाऊण तास ड्राइव्ह करून हरणारी टीम कोण बघणार? एकेकाचे फोन. अरे यार, आज जमत नाही, कॅन्सल करतोय, तिकिटं वाया जातील, त्याला विचार ना. ‘त्याला’ म्हणजे माझ्या मित्राला. तो जायचा. कधी चार सीट्सवर एकटा. हरणाऱ्या मॅचेसची त्याची वही भरलेली असायची, नवव्या, म्हणजे शेवटच्या इनिंगपर्यंत, एक रकाना रिकामा नाही.

माझी आई गेली तेव्हा मी इंडियाला जाऊन परत आलो. त्या आठवड्यात सगळे भेटायला आले, काकूंनी डबे पाठवले. तो आला आणि म्हणाला, “चल, बूट घाल.” मला मॅचला घेऊन गेला. तिथे पेन्सिल माझ्या हातात दिली. “आज तू लिही.” बास, आणखी काही नाही. साडेतीन तास मी झे, गे, फु लिहीत बसलो, आणि परतीच्या वाटेवर एका सिग्नलला मला रडता आलं. त्यानं रेडिओ थोडा मोठा केला.

हा माणूस. याची चिठ्ठी.

मग टीम जिंकायला लागली. ते खोटं नाही, ती टीम सुंदर होती. शॉर्टस्टॉपला, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मध्ये, एक पोरगेला खेळाडू होता, तो बॉलच्या आधीच बॉलच्या जागी गेलेला असायचा. एक डावखुरा पिचर होता, प्रत्येक बॉलच्या आधी टोपीला हात लावायचा आणि चाळीस हजार माणसं गप्प व्हायची. आता चार सीट्ससाठी मारामारी. तीन वर्षं ज्यांना जमत नव्हतं त्यांना सगळं जमायला लागलं. आमच्या मित्राच्या वाट्याला मंगळवारच्या फालतू मॅचेस यायच्या. तो त्याही वहीत लिहायचा.

त्याच वर्षी, मार्चच्या शेवटी, इथल्या महाराष्ट्र मंडळाच्या मीटिंगमध्ये तो उभा राहिला. गुढीपाडव्यासाठी हॉल बुक होणारच आहे, तर चौदा एप्रिलची जयंतीही मंडळातर्फे करू या, असं म्हणाला. मी मंडळाचा सेक्रेटरी होतो. मिनिट्स लिहीत होतो.

काका शांतपणे म्हणाले, “कल्पना चांगली आहे तुमची. पण मंडळात आपण राजकारण आणत नाही.”

“गणपती आणतो ना, काका,” तो म्हणाला. तोही शांतपणेच म्हणाला.

कोणीतरी खोकलं. काका माझ्याकडे बघून म्हणाले, “पुढचा विषय घे रे.” मी पुढचा विषय घेतला. पार्किंगचा होता. मिनिट्समध्ये त्याचं वाक्यच लिहिलं नाही. गाडीत तो मला काही बोलला नाही, आणि मी मनात म्हटलं, चला, त्यानं मनावर घेतलेलं नाही. दुसऱ्याच्या अपमानाचं वजन करायला आपण किती पटकन बसतो.

त्यानंतर कंपूत त्याच्याबद्दल एक वाक्य फिरायला लागलं. माणूस चांगला आहे, पण जरा पॉलिटिकल आहे.

ऑक्टोबरमध्ये टीम फायनलला पोचली आणि आमच्या चार सीट्ससाठी एक मॅच आली जिच्यासाठी प्रत्येकानं ऑफिसात खोटं बोलायची तयारी ठेवली होती. एक सीट काकांची. उरलेल्या तीन नऊ घरांत. काकांचा फोन आला.

“चिठ्ठ्या तूच लिही या वेळी.”

“लिहितो, काका.”

“नीट लिही. कसं आहे, साडेतीन-चार तास शेजारी बसायचं असतं. सगळ्यांत मिसळणारी माणसं असली की मजा येते.”

“हो, काका.”

एवढंच. त्यांनी कोणाचं नाव घेतलं नाही. कोर्टात उभं केलं तरी काका म्हणतील मी काय म्हणालो, नीट लिही म्हणालो. आणि ते खरंच असेल. हीच आमची पद्धत, तिचा मला आज संताप येतो. कोणी काही सांगत नाही. सगळ्यांना कळतं. काम होतं, आणि हात कोणाचेच मळत नाहीत, एका सेक्रेटरीचे सोडले तर.

पण काकांच्या मागे लपणार नाही. त्यांनी माझा हात धरला नव्हता. शनिवारी सकाळी डायनिंग टेबलवर बसून मी आठ नावं लिहिली, माझं धरून. नववा कागद घेतला, त्याच्या नावाचं पहिलं अक्षर लिहिलं आणि पेन खाली ठेवलं. चहा प्यायलो. मनात दोन विचार होते, दोन्ही लिहितो. एक, काकांना वाईट वाटायला नको. दुसरा, एक चिठ्ठी कमी म्हणजे आपलं नाव यायची शक्यता तेवढी जास्त. कोणता आधी आला ते मला आठवत नाही, आणि आठवत नाही हेच बरं आहे असं मला बरीच वर्षं वाटायचं.

रविवारी दुपारी काकांच्या किचनमध्ये सगळे जमले. बायको त्या रविवारी फार्मसीत ड्यूटीवर होती, म्हणून मी आणि मुलगीच गेलो. ती सात वर्षांची, गुडघ्यापर्यंत येणारी जर्सी घातलेली. रविवारच्या मराठी शाळेत नुकतंच वाचायला शिकली होती आणि दिसेल ते मराठी वाचत सुटायची, हळदीची पुडी, अगरबत्तीचा खोका, काहीही. त्या शाळेत तिला शिकवायला माझा मित्रच होता.

काकांनी डबा हलवला. “नऊ आहेत ना रे?”

“हो, काका.”

तिने पहिली चिठ्ठी उघडली, अक्षरांखाली बोट ठेवून वाचली. काकांचे जावई. टाळ्या. दुसरी, आमच्या गल्लीतला दातांचा डॉक्टर. माझा मित्र फ्रिजला टेकून उभा होता. तो तिच्याकडे बघत होता, डब्याकडे नाही. प्रत्येक अक्षराला त्याचे ओठ तिच्याबरोबर हलत होते. तिसरी चिठ्ठी तिने उघडली आणि वाचायच्या आधीच हसायला लागली. माझं नाव होतं.

तो पुढे आला आणि तिला म्हणाला, “बाई, तुझा हात गोड आहे. माझ्यासाठी नाही, पण चालेल, घरातलंच माणूस जातंय.” मग गाडीतून वही आणून माझ्या हातात दिली, पेन्सिलीसकट. “सगळं लिहून आण. एक बॉल सोडायचा नाही. मी टीव्हीवर बघीन, पण टीव्हीवाले मध्येच जाहिराती लावतात.”

मी वही घेतली.

घरी जाताना डबा मुलीच्या मांडीवर होता. मागच्या सीटवर कागद उलगडल्याचा आवाज येत होता. मग ती म्हणाली, “बाबा, मराठी शाळेतल्या काकाची चिठ्ठी इज नॉट हिअर.”

“असेल. नीट बघ.”

“आय लुक्ड. फाइव्हच आहेत. मी सगळ्या वाचल्या.”

“तुला अजून जोडाक्षरं येत नाहीत. काहीतरी चुकीचं वाचलं असशील.”

मागे कागद पुन्हा उलगडले गेले. मग म्हणाली, “त्याच्या नावात जोडाक्षर नाहीये.”

“चुकली असशील, म्हटलं ना. ठेव तो डबा खाली.”

पेट्रोल भरायला थांबलो तेव्हा मी त्या पाच चिठ्ठ्या तिच्याकडून घेतल्या आणि पंपाजवळच्या कचरापेटीत टाकल्या. आरशात ती दिसत होती. ओठ मिटून, काहीतरी पुन्हा जुळवून बघावं तशी बोटं मांडीवर फिरवत होती.

दोन दिवसांनी बायको वॉशरमधून शर्ट काढत म्हणाली, “खिसे तपासत जा रे. टिश्यूचा लगदा झालाय सगळीकडे.” टिश्यू नव्हता तो.

आणि ती मॅच. लोक मला अजून विचारतात, तू होतास ना रे तिथे, शेवटच्या इनिंगचा तो होमरन तू प्रत्यक्ष बघितलास ना? होतो. बघितला. माझ्या एका बाजूला काका, दुसऱ्या बाजूला दातांचा डॉक्टर. तीन इनिंग मी लिहिल्या. चौथीत पेन्सिल चालेना. मला त्याच्या रकान्यांत लिहायची लाज वाटली. काकांनी वही माझ्या मांडीवरून उचलून खाली ठेवली. “अरे सोड ते, मॅच बघ. तुमच्या मास्तरांचा होमवर्क उद्या कर.” जावई हसले. मीही हसलो, हे लिहायलाच हवं. शेवटचा तो बॉल उंच गेला, अख्खं स्टेडियम उभं राहिलं, काकांनी मला मिठी मारली. काकांच्या डोळ्यांत पाणी होतं. सीटखाली वही होती आणि तिच्यावर कोणाची तरी बिअर सांडत होती.

त्याला मी सांगितलं की गर्दीत लिहिता आलं नाही, वाळवून देतो. तो म्हणाला, “बिअर सांडली म्हणजे मॅच चांगली झाली.”

मुलीनं पुढच्या महिन्यात मराठी शाळेला जायला कुरकुर सुरू केली. “आय ॲम नॉट गुड ॲट इट.” एखादा बाप म्हणाला असता, अगं तू तर पटापट वाचतेस. मला भीती वाटत होती ती वेगळीच. एखाद्या रविवारी ती वर्गात त्याला विचारेल, काका, तुमची चिठ्ठी कुठे होती? मी तिचं नाव काढून घेतलं. त्याला सांगितलं, रविवारी आता तिचं स्विमिंग असतं. माझं पाप झाकायला मी पोरीची भाषा काढून घेतली. आज ती वीस वर्षांची आहे आणि तिला मराठी बोललेलं कळतं, वाचता येत नाही. हळदीची पुडीसुद्धा नाही.

दोन वर्षांनी त्याला डॅलसकडे नोकरी लागली, तो अर्विंगला गेला. मी सुटलो. फोन कमी झाले. मी कमी केले.

या मार्चमध्ये काकांनी फर्मान काढलं. आता त्यांचं वय झालंय, वॉकर घेऊन चालतात. म्हणाले, सीझन सुरू व्हायच्या आधी एका शनिवारी दुपारी सगळे या, त्या मॅचचं रेकॉर्डिंग लावू. “आणि तुझ्या नागपूरच्या मित्रालाही बोलाव. त्यांना बरं वाटेल.”

मी फोन केला. मनात होतं की फोनवरच सांगून टाकू. तो खूष झाला. मग स्वतःहूनच म्हणाला, “एक सांगू? त्या ग्रुपचं मला बरंच काही आवडायचं नाही, तुला माहितीय. पण ती चिठ्ठीची पद्धत मला आवडायची यार. चिठ्ठीला आडनाव कळत नाही. नाव नाही आलं तर नाही आलं, डोक्याला ताप नाही. इथे माझ्या पोराला मी सांगतो, एकदा तरी मी अगदी सरळ हरलो.”

मी म्हणालो, “चार तासांचा ड्राइव्ह आहे. जेवायच्या आधी पोच.”

तो आला. केस पांढरे झालेत, बाकी तोच. काकांच्या पाया पडायला वाकला तर काका म्हणाले, “अहो, राहू द्या, राहू द्या.” खिचडी होती. मोठ्या टीव्हीवर ती मॅच चालू होती. काका खुर्चीतून बोलले, “त्या वर्षी आपण सगळे एक होतो. असा ग्रुप आता होणे नाही.” लोकांनी माना डोलावल्या. त्या सगळ्या माना मला तिथल्या तिथे धरून हलवाव्याशा वाटत होत्या. सगळे? तो जमिनीवर बसला होता, टीव्हीच्या सगळ्यात जवळ, आणि पिचरनं टोपीला हात लावला की त्याचाही हात नकळत कपाळाकडे जात होता.

मध्येच माझ्याकडे वळून त्यानं विचारलं, “ती माझी वही आहे का रे तुझ्याकडे?”

“शिफ्टिंगमध्ये हरवली बहुतेक,” मी म्हणालो. वही माझ्या कपाटात आहे. कुठल्या खणात आहे तेही मला माहीत आहे. तेरा वर्षांत मला एक खरं वाक्य सुचलं नाही, फक्त नवीन खोटं सुचलं.

“जाऊ दे. मॅच तर इथे चालूच आहे,” तो म्हणाला.

माझी मुलगी स्प्रिंग ब्रेकला घरी आलेली, ती प्लेट्स देत होती. त्याच्याजवळ बसून हसत म्हणाली, “काका, सॉरी हं. आय पुल्ड द राँग वन्स दॅट डे. आय कुडन्ट इव्हन रीड.”

“कोण म्हणतं?” त्यानं मान वर केली. “वर्गात सगळ्यांच्या आधी तू वाचायला लागलीस. जोडाक्षरंसुद्धा. मी घरी येऊन सांगायचो, एक पोरगी आहे, तिला अडवावं लागतं. मग अचानक यायचीच बंद झालीस.”

तिनं हातातली प्लेट खाली ठेवली आणि खोलीभर नजर फिरवून मला शोधलं. मी बर्फ आणायला गेलो.

घरी येताना गाडी तीच चालवत होती. आम्ही हायवेला लागलो. मग म्हणाली, “व्हाय डिड आय स्टॉप गोइंग?”

“तुझं स्विमिंग होतं ना रविवारी.”

तिनं रस्त्यावरून नजर हलवली नाही. “आय डोन्ट स्विम, बाबा.”

त्यावर मी काय बोललो? काही नाही. स्वभावच ना माझा.

तेव्हापासून हा राग आहे. काकांचा येतो, त्या ‘तुम्ही’चा येतो, ‘सगळे एक होतो’ म्हणणाऱ्या प्रत्येकाचा येतो. पण तो फिरून फिरून ज्या माणसापाशी येऊन थांबतो तो या टेबलाशी बसून लिहितोय. आणि लिहितोय तेही मराठीत. म्हणजे मित्राला वाचता येईल आणि मुलीला येणार नाही. अर्धा कबुलीजबाब. अजूनही एक चिठ्ठी कमीच.

वही मी काल काढली. तीन इनिंग आहेत, मग पिवळट डाग, मग कोरे रकाने. मॅचचं रेकॉर्डिंग मिळतं, ते रकाने मी भरू शकतो.

मित्राला मी त्याची पूर्ण भरलेली वही देणं लागतो, अर्विंगला स्वतः जाऊन, आणि तुझी चिठ्ठी मी डब्यात टाकलीच नव्हती हे त्याच्या तोंडावर सांगणं लागतो. मुलीला मी हे सांगणं लागतो की त्या दिवशी गाडीत तिनं सगळ्या चिठ्ठ्या बरोबर वाचल्या होत्या.